औषधांच्या यादीत नसलेलं औषध: प्रोस्टेट कॅन्सरच्या हॉर्मोन इंजेक्शनचं एक प्रकरण

आधी थोडं सांगून ठेवते. मी कॅन्सर विभागात नर्स आहे, त्यातही प्रोस्टेटचे पेशंट जास्त बघते. हे प्रकरण आमच्याकडचंच. पेशंट आणि त्यांच्या बायकोला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, म्हणून नाव-गाव काही नाही, नुसतं काका आणि काकू. आणि हे वाचून कोणी स्वतःचं इंजेक्शन थांबवू नका किंवा स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका, प्रत्येकाचा आजार वेगळा आणि रिपोर्ट वेगळे.

पार्श्वभूमी

काका ६८ वर्षांचे, रिटायर्ड, तब्येतीने ठणठणीत, बीपीची एक गोळी आणि शुगर बॉर्डरवर एवढंच. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायला लागायचं म्हणून तपासण्या झाल्या, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) २६ आला, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतोय त्याचा आकडा) ४+४ म्हणजे ८. स्कॅनमध्ये हाडात किंवा लांब कुठे पसरलेलं दिसलं नाही. म्हणजे आजार प्रोस्टेटपुरताच, पण हाय रिस्क गटातला. ठरलं असं की रेडिएशन द्यायचं आणि सोबत हॉर्मोनचं इंजेक्शन, ल्युप्रोलाइड २२.५ मिलिग्रॅम, दर ३ महिन्यांनी एक, एकूण २ वर्षं. सुरुवातीचे काही आठवडे बायकॅल्युटामाइडची ५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी.

त्या दिवशी काकांच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, कॅन्सर. बाकी डॉक्टर जे बोलले त्यातलं त्यांना नंतर फक्त "इंजेक्शनचा फारसा त्रास नसतो" एवढं आठवत होतं. डॉक्टरांनी नेमकं तेच शब्द वापरले का माहीत नाही, बहुतेक सुई टोचण्याच्या त्रासाबद्दल बोलले असतील. पण पेशंटने काय ऐकलं ते महत्त्वाचं, आणि काकांनी हे ऐकलं.

हे इंजेक्शन करतं काय

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर वाढतात, हे १९४१ साली चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं, हगिन्सना त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. तेव्हा उपाय एकच, ऑपरेशन करून वृषणं काढायची. आताचं इंजेक्शन तेच काम औषधाने करतं. मेंदूतून पिच्युटरी ग्रंथीला थांबून थांबून सिग्नल येतो, मग पिच्युटरी वृषणांना सांगते की टेस्टोस्टेरॉन बनवा. ल्युप्रोलाइड तोच सिग्नल सतत देत राहतं. कोणी दिवसरात्र दार बडवत बसलं की आतला माणूस शेवटी लक्ष देणंच सोडतो, तसं पिच्युटरीचं होतं, आणि टेस्टोस्टेरॉन खाली जातं, डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली तर जायलाच हवं, २० च्या खाली गेलं तर आणखी चांगलं. निरोगी पुरुषात ते साधारण ३०० ते १००० च्या मधे असतं, त्यावरून किती खाली जातं याचा अंदाज येईल.

पण दार बडवायला सुरुवात केली की पहिल्यांदा आतला माणूस दचकून उठतोच ना, तसं पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. त्याला फ्लेअर म्हणतात. ती बायकॅल्युटामाइडची गोळी त्यासाठीच.

आता टेस्टोस्टेरॉन नुसतं सेक्सचं हॉर्मोन नाही. स्नायू, रक्त, मूड, चरबी कुठे साठते, सगळ्यात त्याचा हात असतो. आणि पुरुषाच्या शरीरातलं इस्ट्रोजेन बऱ्यापैकी टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं, हाडं टिकवायला मुख्यतः ते लागतं. म्हणजे एक नळ बंद केला की दोन टाक्या रिकाम्या. हे चित्र कागदावर काढून दाखवायला पाच मिनिटं लागतात, काकांना ते पहिल्यांदा कधी दाखवलं गेलं तर दहाव्या महिन्यात.

काय काय सुरू झालं

पहिल्या महिन्याच्या शेवटी अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीपासून वर चेहऱ्यापर्यंत एकदम गरम, मग दरदरून घाम, मग थंडी. दिवसात दहा-बारा वेळा आणि रात्री तीन-चार वेळा. काकूंना स्वतःच्या पाळी जाण्याच्या वेळचं सगळं आठवत होतं, त्या म्हणाल्यासुद्धा की "अहो हे माझ्यासारखंच होतंय तुम्हाला", पण काकांना ते चेष्टा केल्यासारखं वाटलं आणि तो विषय तिथेच संपला. खरं तर त्या घरात पहिलं बरोबर निदान काकूंचं होतं.

चौथ्या महिन्यात, रेडिएशन चालू असताना, एका रात्री दोन वाजता घाम आणि धडधड एकदम सुरू झाली म्हणून इमर्जन्सीला नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त तपासलं ते ठीक. तिथे विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? काका म्हणाले, बीपीची गोळी. खोटं बोलले नाहीत हो, त्यांच्या दृष्टीने औषध म्हणजे रोज घ्यायची गोळी. इंजेक्शन तर दीड महिन्यापूर्वी घेतलं होतं, ते काय "चालू" थोडंच. बरं, इमर्जन्सीला नेलं ते चुकलं नव्हतं, या इंजेक्शनने शुगर आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१० साली या गटातल्या औषधांवर तशी वॉर्निंग घालायला लावली होती, काही जणांत ईसीजीमधला क्यूटी नावाचा कालावधी वाढतो तेही बघायचं असतं. पण बघणाऱ्याला इंजेक्शन माहीतच नव्हतं.

मग थकवा. रेडिएशन चालू होतं म्हणून सगळे म्हणाले रेडिएशनचा. रेडिएशन संपून दोन महिने झाले तरी जाईना तेव्हा म्हणाले वयाचा. फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन केलं, १३.९ चं १२.१ झालेलं, लोहाच्या गोळ्या सुरू. लोह कमी आहे का हे बघणारी फेरिटिनची टेस्ट नाही केली. तीन महिने गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन हललं नाही, बद्धकोष्ठ मात्र झालं, तेही रेडिएशनने आधीच नाजूक झालेल्या आतड्यावर. टेस्टोस्टेरॉन गेलं की रक्त थोडं उतरतंच, आणि त्याचा लोहाशी संबंध असेलच असं नाही.

वजन ७२ चं ७८. हातपाय बारीक आणि पोट पुढे. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यायला लागले. शुगर बॉर्डर ओलांडून गेली, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट) ६.० वरून ६.९, त्यावर काकूंनी घरात पथ्याची इतकी कडक शिस्त लावली की काकांचं जेवणच कमी झालं, आणि त्यात स्नायू अजून गेले असणार.

आणि जे कोणालाच सांगितलं नाही ते वेगळंच. इच्छा पूर्ण गेली, सकाळची ताठरता बंद. आंघोळीच्या वेळी लक्षात आलं की वृषणं लहान झालीत, तर काकांनी मनाशी ठरवून टाकलं की कॅन्सर तिकडे पसरला. हे ओझं त्यांनी एकट्याने चार महिने वाहिलं. रात्री घामाने चादर ओली होते म्हणून वेगळ्या खोलीत झोपायला लागले, काकूंना वाटलं आपलं काहीतरी चुकलंय म्हणून रागावलेत. टीव्हीवर साधं काही बघताना रडू यायचं, त्याची लाज वाटायची म्हणून टीव्ही बघणंच सोडलं.

या सगळ्या काळात आमच्याकडे ते दोनदा इंजेक्शनला येऊन गेले, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. दोन्ही वेळा मीच दिलं. दोन्ही वेळा विचारलं "काही त्रास?", दोन्ही वेळा उत्तर "नाही". बाहेर रांग होती. पाच मिनिटांत काम संपलं.

प्रॉब्लेम उघडा पडला तो दिवस

नवव्या महिन्यात काका इंजेक्शनला आलेच नाहीत. आमच्याकडे न आलेल्यांना फोन करायची पद्धत होती पण ती दोन आठवड्यांनी, फोन केला तर काका म्हणाले बाहेर आलोय, परत आलो की येतो. बाहेर वगैरे काही गेले नव्हते. त्यांनी ठरवलं होतं की हे बंद करून बघायचं, आपला जुना मी परत येतो का. पीएसए तर उत्तम होता, ०.०८, मग गरज काय, असाही हिशोब.

चार आठवडे वाट बघून काही फरक पडेना. पडणारच नव्हता, तीन महिन्यांचं डेपो (अंगात हळूहळू सुटणारं) इंजेक्शन संपलं म्हणजे दुसऱ्या दिवशी हॉर्मोन परत येतं असं होत नाही, कित्येकदा महिनोन् महिने लागतात. मग काका एकटेच, घरी न सांगता, पुरुषांच्या समस्या बघणाऱ्या एका डॉक्टरकडे गेले. तिथेही तोच प्रश्न, कुठली औषधं चालू? बीपीची गोळी. कॅन्सरचं सांगितलं का असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले "तो बरा झालाय ना सिस्टर, म्हणून नाही सांगितलं". टेस्ट झाली, टेस्टोस्टेरॉन ३१. त्या डॉक्टरांनी समोर जे दिसलं त्यावरून टेस्टोस्टेरॉनचं जेल लिहून दिलं.

म्हणजे विचार करा, एका हाताने नऊ महिने जे बंद केलं ते दुसऱ्या हाताने अंगाला चोळायला दिलं.

वाचले कशामुळे तर काकांना सवय, डब्यातला बारीक अक्षरातला कागद पूर्ण वाचायची. त्यात लिहिलेलं असतंच की प्रोस्टेट कॅन्सर असेल तर वापरू नये. ते वाचून घाबरले आणि मला फोन केला. पहिलं वाक्य होतं, "सिस्टर, मी एक गाढवपणा केलाय."

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. जेल उघडलेलंही नव्हतं. त्या दिवशी रांग बाजूला ठेवून पाऊण तास बसलो, आणि वर जे सगळं लिहिलंय ते त्या पाऊण तासात बाहेर आलं. काकूंनी बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या.

कुठले पर्याय होते

डॉक्टरांसोबत दोन बैठका झाल्या. पहिला प्रश्न काकांचाच: बंदच केलं तर?

यावर डॉक्टरांनी जे आहे ते सांगितलं. रेडिएशनसोबत ६ महिने हॉर्मोन देणं आणि ३ वर्षं देणं यांची तुलना करणारी ९७० पेशंटची युरोपातली ट्रायल (पेशंटवर केलेला अभ्यास) २००९ मध्ये छापून आली, त्यात ५ वर्षांत एकूण मृत्यू ६ महिनेवाल्यांत १९ टक्के आणि ३ वर्षंवाल्यांत १५.२ टक्के. फरक आहे, पण काकांनी मनात धरलं होतं तसं "थांबवलं की मेलो" असंही नाही. हाय रिस्क आजारात नऊ महिन्यांवर सोडणं म्हणजे मिळणारा फायदा थोडा टाकून देणं.

दुसरा पर्याय, कालावधी कमी करणं. कॅनडातल्या ६३० पेशंटच्या ट्रायलमध्ये १८ महिने आणि ३६ महिने यांत जगण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही, आणि १८ महिनेवाल्यांचं रोजचं जगणं बरं होतं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की दोन्ही अगदी सारखेच हे सिद्ध करायला ती ट्रायल रचलेली नव्हती, त्यामुळे थोडी अनिश्चितता पत्करावी लागेल.

तिसरा, औषध बदलणं. डेगारेलिक्स इंजेक्शन किंवा रेलुगोलिक्सची रोजची गोळी, ही वेगळ्या पद्धतीने काम करतात, फ्लेअर येत नाही. रेलुगोलिक्स आणि ल्युप्रोलाइडची तुलना झाली त्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा मोठ्या घटना रेलुगोलिक्समध्ये कमी दिसल्या, आणि औषध थांबवल्यावर ९० दिवसांत टेस्टोस्टेरॉन नॉर्मलला आलेले रेलुगोलिक्सवाले ५४ टक्के तर ल्युप्रोलाइडवाले ३ टक्के. काका लगेच म्हणाले मग हेच द्या. पण चालू असताना टेस्टोस्टेरॉन तेवढंच खाली राहतं, म्हणजे वाफा, थकवा, इच्छा जाणं यातलं काही टळत नाही. शिवाय गोळी रोज घ्यावी लागते, चुकली तर हॉर्मोन पटकन वर येतं. जो माणूस गुपचूप एक इंजेक्शन चुकवून बसलाय त्याला रोज चुकवता येईल असं औषध द्यावं का, हा प्रश्न डॉक्टरांनी काकांसमोरच विचारला. काका हसले, पहिल्यांदाच. हार्टची आधीची हिस्टरी असती तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

मधेमधे थांबून इंजेक्शन देणं हा प्रकार वेगळ्या पेशंटसाठी आहे, रेडिएशनला जोडून ठरावीक काळ देतात तिथे तो बसत नाही. ऑपरेशन कायमचं, काकांना तर मुदतीचं हवं होतं. ते दोन्ही दोन मिनिटांत बाजूला पडले.

राहिला शेवटचा पर्याय, तेच इंजेक्शन पुढे चालू ठेवणं पण एकेका त्रासाचं नाव घेऊन त्यावर काम करणं. निर्णय झाला तो दुसऱ्याची आणि याची बेरीज: एकूण ६ इंजेक्शनं म्हणजे १८ महिन्यांचा कोर्स, त्यातली ३ झालेली, ३ राहिलेली. यात काकांचं मत वजनदार ठरलं. शेवट कधी आहे ते कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला, "दोन वर्षं" हा आकडा त्यांना जन्मठेपेसारखा वाटत होता आणि "अजून तीन" हे मोजता येण्यासारखं होतं.

काय केलं

इंजेक्शन दिलं, पाच आठवडे उशिरा. टेस्टोस्टेरॉन ३१ म्हणजे ५० च्या खालीच होतं, त्यामुळे फार नुकसान झालं नसावं.

वाफांसाठी आधी आठवडाभर वही ठेवली, कधी येतात, त्याआधी काय झालं होतं. गरम पेय आणि बंद खोली ही दोन कारणं दिसली, ती कमी केल्यावर थोडा फरक पडला, थोडाच. मग गोळी. व्हेनलाफॅक्सिनचा विचार झाला पण तिने बीपी वाढू शकतं, म्हणून मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन २० मिलिग्रॅम रोज, १० आठवडे आणि मग बघू, असं ठरलं. पाकिटावर पाळीच्या तक्रारींसाठी असं वाचून काका अडून बसले, "बायकांची गोळी मी नाही घेणार". काकू म्हणाल्या, "वाफा बायकांच्या चालतात, गोळी नाही चालत होय!" घेतली.

हाडांची डेक्सा तपासणी केली. मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर (हाड किती भरीव आहे त्याचा आकडा) उणे २.३. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), म्हणजे काठावर. यातलं आधीचं किती आणि इंजेक्शनने झालेलं किती हे सांगता येईना, कारण सुरुवातीची डेक्सा केलेलीच नव्हती. व्हिटॅमिन डी १४, तेही आधी भरून काढावं लागलं. मग झोलेड्रॉनिक अॅसिडची वर्षातून एकदा द्यायची सलाईन ठरली, पण त्याआधी दाताचे डॉक्टर, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. आणि काकांची एक दाढ हलत होतीच. दाढ काढून, जखम पूर्ण भरून, मग सलाईन. त्या रात्री ताप आणि अंगदुखी झाली, ती पहिल्या डोसला होऊ शकते हे आधी सांगितलेलं असल्याने यावेळी इमर्जन्सीला पळापळ नाही झाली. एक छोटीशी गोष्ट, पण सांगून ठेवल्याचा परिणाम मी तिथे डोळ्यांनी बघितला.

लोहाच्या गोळ्या फेरिटिन नॉर्मल आल्यावर बंद. शुगरसाठी फॅमिली डॉक्टरांना सविस्तर पत्र दिलं, त्यांनी मेटफॉर्मिन सुरू केलं आणि कोलेस्टेरॉनही बघायला घेतलं. पथ्य सैल केलं, प्रोटीन वाढवलं.

व्यायामाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण थकलेल्या माणसाला व्यायाम सांगितला की त्याला आपला राग येतो. काकांनाही आला. चालायला तर ते रोज जातच होते. पण चालण्याने स्नायू परत येत नाहीत, वजन उचलावं लागतं, रबरी पट्टा ओढावा लागतो. फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी ३० सेकंदांत खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजलं, ९ वेळा. आठवड्यातून दोनदा समोर उभं राहून करून घेतलं, १२ आठवडे, घरी एक दिवस स्वतः. पहिले तीन आठवडे काका नुसते वैतागलेले. चौथ्या आठवड्यात म्हणाले दुपारी झोप लागत नाही आता.

सेक्सबद्दल डॉक्टर एकदा वेगळं बसून बोलले, मग दोघांसोबत. वृषणं लहान होणं हे औषधाचं अपेक्षित काम आहे, कॅन्सर पसरल्याची खूण नाही, हे ऐकून काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. सिल्डेनाफिलने (ताठरतेसाठीची गोळी) रक्तपुरवठ्याला मदत होऊ शकते पण इच्छा गोळीने येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. व्हॅक्युम पंपाची माहिती दिली, त्यांना नको होता, ठीक आहे. मूडसाठी समुपदेशकाकडे चार वेळा गेले, औषधाची गरज पडली नाही.

आणि एक कार्ड. पाकिटात ठेवायचं, त्यावर औषधाचं नाव, शेवटचं कधी घेतलं, पुढचं कधी, परिणाम कुठपर्यंत राहतो, आणि खाली लाल अक्षरात: टेस्टोस्टेरॉन देऊ नये.

परिणाम

दहा आठवड्यांत वाफा दिवसाला तीन-चारवर आल्या, रात्रीची एखादी. गोळी थांबवल्यावर थोड्या वाढल्या पण आधीइतक्या नाहीत. खुर्चीतून उठणं ९ चं १४. वजन ७६ वर आलं आणि तिथेच अडकलं. एचबीए१सी ६.४. हिमोग्लोबिन १२ च्या आसपासच राहिलं, पण काकांची तक्रार उरली नाही. उरलेली तिन्ही इंजेक्शनं वेळेवर. चादर बदलायला लागेनाशी झाल्यावर दोघं परत एका खोलीत.

शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने झाले तेव्हा टेस्टोस्टेरॉन ६५, वर्षाने २१०. काकांना वाटलं होतं सगळं पहिल्यासारखं होईल, तसं झालं नाही. इच्छा थोडी परत आली, ताठरता फारशी नाही, त्यात रेडिएशनचाही वाटा आहे. वाफा मात्र पूर्ण गेल्या. टेस्टोस्टेरॉन वर येताना पीएसए ०.०५ चा ०.३ झाला, आणि हे होऊ शकतं हे मी सांगायला विसरले होते. पुन्हा तोच प्रकार, दोन रात्री घरात कोणी झोपलं नाही. रेडिएशननंतर पीएसए आपल्या सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तर आजार परत आला असं धरतात, ०.३ त्यापासून लांब आहे, आणि नंतर तो तिथेच स्थिर राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच डेक्सा, व्हिटॅमिन डी, एचबीए१सी, कोलेस्टेरॉन, दात आणि वजन यांची नोंद हवी होती, यावर वाद नाही. व्यायाम पहिल्या इंजेक्शनच्या आठवड्यात सुरू झाला असता तर गेलेलं परत आणण्यापेक्षा आहे ते टिकवणं सोपं गेलं असतं. रेडिएशनच्या धावपळीत तो झाला असता का, याबद्दल मला शंका आहे, पण सांगायला तरी हवा होता.

माझी स्वतःची चूक तो प्रश्न. "काही त्रास?" असं विचारलं की पुरुष पेशंट "नाही" म्हणतो, त्यातून मागे रांग असली तर नक्कीच. आता मी विचारते, वाफा दिवसाला किती वेळा? रात्री किती वेळा उठता? खुर्चीतून उठताना हात टेकता का? झोप एकाच खोलीत का? शेवटचा प्रश्न ऐकून काही जण चमकतात, पण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. शक्य असेल तर बायकोला किंवा घरचं जे कोणी सोबत आलंय त्यांना आत बसवते, पण पेशंटला एकट्यालाही दोन मिनिटं देते, कारण काकांनी वृषणांबद्दल काकूंसमोर कधीच सांगितलं नसतं.

न येणाऱ्याला फोन दोन आठवड्यांनी नाही, दोन दिवसांत. आणि "कधी येताय" असं न विचारता "थांबवावंसं वाटतंय का" असं विचारायचं, म्हणजे खोटं बोलायची गरजच पडत नाही.

त्या जेल लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. प्रोस्टेटची हिस्टरी विचारायला आणि पीएसए बघायला हवा होता हे खरंच, टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी तो बघतातच. पण इमर्जन्सी, फॅमिली डॉक्टर, ते डॉक्टर, अशा तीन ठिकाणी काकांना औषधांची यादी विचारली गेली आणि तिन्ही ठिकाणी तेच उत्तर गेलं. आम्ही त्यांना हे औषध आहे, तीन महिने अंगात आहे, असं कधी नीट सांगितलंच नव्हतं. चौथ्या ठिकाणी, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे, काकांनी कार्ड काढून समोर ठेवलं.

आमच्या फॉर्मवर "चालू औषधं" याच्या खाली आता वेगळा रकाना आहे, गेल्या ६ महिन्यांत घेतलेली इंजेक्शनं. परवा एकांनी त्यात "नाही" लिहिलं. दहा मिनिटांपूर्वी मीच त्यांना इंजेक्शन दिलं होतं.